शाफई माहेर, हनफी सासर आणि सहीचा कागद

खेड तालुक्यातील खाडीपट्ट्यात माहेर असलेल्या आणि लग्नानंतर रत्नागिरी शहरात राहणाऱ्या एका भगिनीने मला लांब पत्र लिहून पाच प्रश्न विचारले आहेत. त्यांचे माहेर आपल्या कोकणी रिवाजाप्रमाणे शाफई आहे. सासर घाटावरून व्यापारासाठी येऊन स्थायिक झालेले असून हनफी आहे. शाफई आणि हनफी हे सुन्नी इस्लाममधल्या चार मजहबांपैकी, म्हणजे धर्मनियमांच्या परंपरांपैकी, दोन. पहिले चार प्रश्न कोळंबी व कुर्ल्या, पतीच्या स्पर्शाने वुजू (नमाजाआधी हात-पाय-तोंड धुऊन होणारी शुद्धी) तुटणे, पावसात दोन नमाजा एकत्र पढणे आणि दागिने व आंब्याची जकात (संपत्तीतून द्यायचे बंधनकारक दान) यांविषयी आहेत. पाचवा प्रश्न पत्राच्या अगदी शेवटी, सलामाच्या आधी, दोन ओळींत लिहिला आहे. वडिलांना जाऊन तीन महिने झाले आहेत, दोन्ही भावांनी हक्कसोडपत्र तयार करून ठेवले आहे, आणि “तुझ्या लग्नात बावांनी भरपूर केले, आता हिस्सा कसला” असे ते म्हणतात, तर सही करणे शरियतमध्ये बरोबर आहे का, असे त्या विचारतात. घरात आई, दोन भाऊ आणि एक धाकटी बहीण आहे.

आमच्या जमातीत निकाहाचे दफ्तर सांभाळण्याचे काम मी गेली सत्तावीस वर्षे करतो आहे. अशी पत्रे पुष्कळ येतात आणि खरा प्रश्न बहुधा शेवटच्या ओळीतच असतो, हा माझा अनुभव आहे. तरीही आधीचे चार प्रश्न मी टाळणार नाही. मजहबातला मतभेद म्हणजे काय आणि दुसऱ्याचा हक्क म्हणजे काय, या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्याशिवाय पाचव्या प्रश्नाचे उत्तर नीट कळत नाही, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करतो. पुढचे त्या भगिनीलाच उद्देशून लिहितो.

इमाम शाफई यांचा जन्म हिजरी १५० मध्ये गझ्झा येथे झाला आणि हिजरी २०४ मध्ये ते मिसरमध्ये (इजिप्तमध्ये) वारले. त्यांचा मजहब अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरून व्यापाऱ्यांच्या जहाजांबरोबर पसरला. म्हणूनच आपले कोकण, भटकळ, मलबार, श्रीलंका आणि थेट इंडोनेशियापर्यंतचा किनारा शाफई आहे, तर खैबरच्या बाजूने खुष्कीच्या मार्गाने इस्लाम जिथे आला तो बहुतेक मुलूख हनफी आहे. मसऊदी हा अरब प्रवासी हिजरी ३०४ मध्ये चौलला, म्हणजे त्याच्या भाषेत सैमूरला, आला होता. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात आणि त्यांचे आपसांतले व्यवहार पाहण्यासाठी राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला आहे, असे त्याने लिहून ठेवले आहे. थोडक्यात, तुमच्यासारखे प्रश्न या किनाऱ्यावर अकराशे वर्षे विचारले जात आहेत. अडचण अलीकडची आहे. उर्दूतली बहुतेक सोपी पुस्तके आणि मोबाइलवर येणारी बहुतेक भाषणे हनफी विद्वानांची असतात, त्यामुळे आपल्या मुलींना वाटू लागते की आई-आजीने शिकवलेले चूक होते. ते चूक नव्हते. लग्नामुळे स्त्रीचा मजहब बदलत नाही आणि पतीने तसा आग्रह धरण्याचे कारणही नाही, कारण चारही इमामांना सुन्नी परंपरेने सारखाच मान दिलेला आहे.

आता कोळंबी. कुरआनच्या पाचव्या सूरेच्या (अध्यायाच्या) ९६ व्या आयतीत (वचनात) समुद्रातली शिकार आणि तिचे खाद्य हलाल ठरवले आहे. समुद्राचे पाणी पाक आणि त्यातले मेलेले हलाल, अशी हदीसही, म्हणजे पैगंबरांचे वचनही, आहे. शाफई फकीहांनी, म्हणजे धर्मनियमांच्या जाणकारांनी, याचा व्यापक अर्थ घेतला. जे प्राणी पाण्यातच जगतात ते, त्यांचा आकार माशासारखा असो वा नसो, खाण्यास योग्य आहेत. कोळंबी, म्हाकूल, शेवंड यांचा प्रश्न आपल्याकडे म्हणूनच कधी उभा राहिला नाही. हनफी मजहबात पाण्यातल्या प्राण्यांपैकी फक्त मासा हलाल आहे, आणि कोळंबी ही मासा ठरते की नाही यावर खुद्द हनफी विद्वानांतच दोन मते आहेत. तेव्हा तुमच्या सासूबाई खात नसतील तर त्यांच्या सावधगिरीला त्यांच्या मजहबात आधार आहे, आणि तुम्ही खात असाल तर तुमच्या खाण्याला तुमच्या मजहबात.

कुर्ल्यांचे मात्र तितके सरळ नाही आणि आपले लोक ते सहसा सांगत नाहीत. जे प्राणी जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडे जगतात त्यांना शाफई विद्वान इमाम नववी यांनी ‘मिनहाज’ या ग्रंथात हराम म्हटले आहे आणि त्यात बेडकाबरोबर कुर्लीचेही नाव घेतले आहे. इब्ने हजर व रमली या नंतरच्या दोन मोठ्या शाफई फकीहांनीही तेच धरले. ‘मजमूअ’ या मोठ्या ग्रंथात मात्र नववींचाच कल समुद्रातले सर्व हलाल, फक्त बेडूक वगळून, असा दिसतो आणि कोकणातला रिवाज त्या मतावर उभा आहे. मी स्वतः कुर्ल्या खात नाही, पण खाणाऱ्याच्या ताटाकडे बोट दाखवत नाही. सासरच्या घरात मात्र त्यांच्या रोजच्या टोपात कुर्ल्यांचा रस्सा करू नका. हा फिकहचा, म्हणजे धर्मशास्त्राचा, नियम नव्हे, शेजारधर्म आहे, आणि तो सासरीही लागू पडतो.

दुसरा प्रश्न वुजूचा. शाफई मजहबात वयात आलेल्या पुरुषाच्या आणि ज्याच्याशी तिचा निकाह होऊ शकतो अशा स्त्रीच्या त्वचेला त्वचा लागली की दोघांचा वुजू तुटतो, आणि पती-पत्नीही त्यात येतात. मध्ये कापड असेल तर तुटत नाही. केस, नख किंवा दात लागल्यानेही तुटत नाही. हनफी मजहबात नुसत्या स्पर्शाने वुजू जात नाही, पण जखमेतून वाहणारे रक्त आले तर जातो. आपल्याकडे रक्ताने जात नाही. म्हणून मासे साफ करताना तुमचे बोट कापले तर तुम्ही धुऊन नमाजाला उभ्या राहू शकता आणि तुमच्या पतीला नवा वुजू करावा लागतो. लहान घरात चहाचा कप देताना हात लागतो, ही तुमची तक्रार मी समजू शकतो. दिवसातून चार वेळा वुजू करणे जड होत असेल तर या एका बाबतीत हनफी मत घेता येते, पण मग तो वुजू हनफी नियमांनीही पुरा हवा. शाफई मजहबात डोक्याच्या थोड्या केसांवर ओला हात फिरला तरी मसह होतो, हनफींना किमान पाव डोके लागते. एका इमामाची स्पर्शाची सवलत आणि दुसऱ्याची मसहची सवलत एकत्र केली तर दोघांच्याही मते वुजू होत नाही. काब्याच्या तवाफात (प्रदक्षिणेत) गर्दीमुळे स्पर्श टळत नाही, तेव्हा कोकणातून हजला जाणाऱ्यांना आम्ही हेच शिकवतो. निघण्याच्या आधी त्यांच्याकडून हनफी वुजू करून घेतो.

तिसरा प्रश्न वाचताना मला तुमच्या वडिलांचा चेहरा दिसल्यासारखे झाले. आषाढातल्या धुवांधार पावसात ते सूर्यास्तानंतरच्या मगरिबबरोबरच रात्रीची इशाची नमाज पढून घरी येत आणि आता पती म्हणतात की त्या सगळ्या नमाजा वाया गेल्या. तसे नाही. पैगंबरांनी मदिनेत भीती किंवा प्रवास नसताना नमाजा एकत्र पढल्याची त्यांचे सहकारी इब्ने अब्बास यांची रिवायत (कथन) आहे आणि ते पावसात झाले असावे, असे इमाम मालिक यांनी म्हटले. इमाम शाफईंनीही पावसाची सवलत मानली. अटी आहेत. कपडे भिजतील इतका पाऊस हवा. पहिली नमाज सुरू करताना, ती संपताना आणि दुसरी सुरू करताना तो पडत असायला हवा. नमाज दूरच्या मशिदीत जमातीने, म्हणजे सामुदायिक, हवी, आणि दुसरी नमाज पहिलीच्या वेळेत ओढून घ्यायची, उलट नाही. घरी एकट्याने पढणाऱ्याला ही सवलत नाही, म्हणून तुमच्या आईने तसे केले नसेल. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात, जिथे घरापासून मशिदीपर्यंत पाणंदीतून कंदील घेऊन जावे लागे, ही सवलत पुस्तकात पडून राहिली नाही. हनफी मजहबात हजमधील अरफात व मुजदलिफा सोडून अशी जोड मान्य नाही, एवढाच फरक आहे. तुमचे वडील त्यांच्या मजहबाप्रमाणे चालले.

दागिन्यांच्या जकातीवर तुमच्या पतीचा आग्रह हनफी मजहबात बरोबर आहे. तिथे साडेसात तोळे, म्हणजे ८७.४८ ग्रॅम सोने असलेल्या स्त्रीला वापरातल्या दागिन्यांवरही अडीच टक्के द्यावे लागतात. शाफई मजहबातले ग्राह्य मत असे आहे की स्त्री अंगावर घालते ते दागिने, रीतीबाहेर अतिरेकी प्रमाणात नसतील तर, जकातीतून मुक्त आहेत. तरी एक गोष्ट नीट पाहा. तुम्ही लिहिता की बँकेच्या लॉकरमध्ये दोन जोड पाटल्या आणि काही सोन्याची नाणी आहेत. लग्नकार्यात घालण्यासाठी ठेवलेल्या पाटल्या दागिन्यांत मोडतात. पण “सोने वाढते म्हणून” ठेवलेल्या पाटल्या आणि नाणी ही साठवण आहे, आणि तीवर शाफई मजहबातही जकात आहे, अर्थात असे सोने निसाबाइतके, म्हणजे जकात लागू होण्याच्या किमान मर्यादेइतके, सुमारे ८५ ग्रॅम, भरत असेल आणि त्यावर चांद्र वर्ष लोटले असेल तर. तुमचे सोने तुमचे आहे, त्याची जबाबदारीही तुमची. पतीला तुमच्या वतीने द्यायचे असेल तर तुमची परवानगी लागेल.

मोठे दीर म्हणतात की तुमच्या वडिलांनी आंब्यातून दशांश काढला नाही म्हणून बागेचे उत्पन्न शुद्ध नव्हते. हे विधान त्यांनी केले नसते तर बरे झाले असते. इमाम अबू हनीफा यांच्या मते जमिनीतून निघणाऱ्या प्रत्येक उत्पन्नावर उश्र, म्हणजे हा दशांश, आहे. शाफई मजहबात फळांपैकी फक्त खजूर व द्राक्षे आणि धान्यांपैकी साठवून खाण्याचे मुख्य धान्य यांच्यावर पिकाची जकात आहे. हापूस, काजू, नारळ आणि सुपारी यांवर ती नाही. भातावर आहे. निसाब पाच वसक, म्हणजे साडेसहाशे किलोच्या आसपास, आणि तुसासकट साठवले जाणारे भात असेल तर त्याच्या दुप्पट धरतात. नुसत्या पावसावर पिकले तर दहा टक्के, पाणी देऊन पिकवले तर पाच. आंब्याचे पैसे हाती येऊन वर्षभर निसाबाच्या वर शिल्लक राहिले तर त्या पैशांवर अडीच टक्के द्यावेच लागतात, आणि दुसऱ्यांच्या बागांतला आंबा विकत घेऊन विकणाऱ्याला व्यापारी मालाची जकात आहे. वडिलांच्या बँक खात्यात वर्षानुवर्षे रक्कम पडून होती आणि तिची जकात राहिली होती का, हे मात्र भावांना विचारा. शाफई मजहबात राहिलेली जकात हे मयताच्या मालमत्तेवरचे कर्ज आहे आणि ते वाटणीच्या आधी फेडायचे असते.

इथूनच पाचवा प्रश्न सुरू होतो.

वर जे चार प्रश्न आले त्यांत दोन बाजूंना दोन इमाम आहेत. वारसाहक्काच्या तुमच्या प्रश्नात दुसऱ्या बाजूला कोणीही इमाम नाही. चौथ्या सूरेच्या सातव्या आयतीत आई-वडिलांनी मागे ठेवलेल्यात पुरुषांचा हिस्सा आहे आणि स्त्रियांचाही हिस्सा आहे, थोडे असो वा पुष्कळ, असे म्हटले आहे. त्यानंतर ११ व्या व १२ व्या आयतींत हिश्शांचे प्रमाण दिले आहे आणि १३ व १४ व्या आयतींत त्या मर्यादा पाळणाऱ्याला व ओलांडणाऱ्याला काय मिळेल ते सांगितले आहे. नमाजाच्या रकातींची (आवर्तनांची) संख्या कुरआनात नाही, ती हदीसवरून कळते. वाटणीचे अपूर्णांक मात्र कुरआनातच आहेत. तुमच्या कुटुंबाच्या बाबतीत चारही सुन्नी मजहबांचे गणित एकच येते.

वडिलांचे आई-वडील त्यांच्या आधीच वारले आहेत असे धरून हिशेब असा होतो. मालमत्तेचे अठ्ठेचाळीस भाग करा. आईला एक अष्टमांश, म्हणजे सहा भाग. उरलेल्या बेचाळीस भागांत मुलग्याला मुलीच्या दुप्पट, तेव्हा प्रत्येक भावाला चौदा आणि प्रत्येक बहिणीला सात. तुमचे सात भाग वडिलांच्या अखेरच्या श्वासाबरोबर तुमचे झाले. ते भावांनी “द्यायचे” नाहीत, त्यांच्या ताब्यात आहेत ते फक्त मोकळे करायचे आहेत. या दोन क्रियापदांतला फरक आपल्या गावांत हरवला आहे.

वाटणीच्या आधी काही गोष्टी वजा होतात आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्जे, मग वारस नसलेल्या कोणासाठी वसीयत (मृत्युपत्र) केली असेल तर उरलेल्याच्या एक तृतीयांशापर्यंत ती, आणि मग वारसांचे हिस्से. कर्जांत राहिलेली जकात येते आणि तुमच्या आईचा राहिलेला मेहेरही, म्हणजे निकाहात पतीने पत्नीला द्यायचे ठरवलेले धनही, येतो. उधार मेहेर हा पतीच्या मृत्यूनंतर त्याच्या मालमत्तेतून सर्व वारसांच्या आधी विधवेला मिळतो आणि तो तिच्या अष्टमांशाच्या बाहेरचा असतो. हिशेबाला बसलेल्या दहा घरांपैकी नऊ घरांत मेहेरचा विषय काढला की शांतता पसरते, हे मी पाहिले आहे. आई “मी माफ केला होता” असे म्हणाली तर ते तिचे तिने, कोणी न सुचवता, म्हटलेले असले पाहिजे.

आता भावांच्या म्हणण्याकडे वळतो. लग्नात वडिलांनी जे दागिने घातले आणि जो खर्च केला तो हयातीत दिलेला हिबा, म्हणजे भेट, आहे. तो तुम्ही स्वीकारला, तुमच्या ताब्यात आला, व्यवहार तिथेच संपला. तो हिश्शात वळता होत नाही, जसा मोठ्या भावाला कुवेतला पाठवताना एजंटला दिलेला पैसा किंवा धाकट्याच्या दुकानाची पागडी त्यांच्या हिश्शात वळती होत नाही. हयातीत देताना मुलांमध्ये बरोबरी राखावी अशी शिकवण आहे. ती राखली गेली नसेल तर त्याचा जाब वडिलांना होता, तो तुमच्याकडून वसूल करता येत नाही. भावांनी स्वतःच्या कमाईतून लग्नाला हातभार लावला असेल आणि त्या वेळी ते कर्ज आहे असे म्हटले नसेल, तर ते एहसान आहे. त्याची दुआ मिळेल, हिस्सा मिळणार नाही.

पण तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी थांबलो. जुने कौलारू घर पाडून नवे घर बांधले तेव्हा मोठ्या भावाने कुवेतहून पैसे पाठवले होते, असे तुम्ही लिहिता. इथे त्यांचे म्हणणे खरे असू शकते आणि ते ऐकून घेतलेच पाहिजे. पैसे त्यांनी वडिलांना दिले होते आणि वडिलांनी स्वतःचे घर बांधले, असे असेल तर घर वडिलांचेच आणि ते वाटणीत येते. वडिलांच्या परवानगीने त्यांच्या जमिनीवर आपले घर म्हणून त्यांनी बांधले असेल, तर बांधकाम त्यांचे आणि जमीन तेवढी वारसांची. कर्ज म्हणून दिले असेल तर ते मालमत्तेतून आधी फेडायचे. कोणती गोष्ट झाली हे बँकेच्या जुन्या पावत्या, घरपट्टीवरचे नाव आणि त्या काळातले साक्षीदार यांवरून ठरेल. कोकणातल्या निम्म्या भांडणांचे मूळ इथेच आहे, कारण आखातातून पैसा पाठवताना मुलगा बापाला “हे कर्ज की भेट” असे विचारत नाही आणि बापही विचारत नाही. वडिलांच्या आजारपणातला दवाखान्याचा खर्चही याच कसोटीवर तपासावा.

बागेचा या हंगामाचा आंबाही विसरू नका. वडील माघ महिन्यात गेले, आंबा चैत्र-वैशाखात पेटीत भरला गेला आणि त्याचे पैसे भावांच्या खात्यात आले. मोहोर वडिलांच्या हयातीतला म्हणा किंवा फळ वारसांच्या मालकीतले म्हणा, तो पैसा अठ्ठेचाळीस भागांत त्याच प्रमाणात वाटला जातो. फवारणी, राखण, उतरणी, पेट्या आणि वाहतूक यांचा खर्च आधी वजा करावा, आणि भावांनी स्वतः राबून हंगाम काढला असेल तर त्यांना रास्त मजुरी मिळावी. त्यात कुचराई नको.

आता सही. हक्क सोडता येतो का? येतो. आपला हिस्सा किती, त्याची किंमत किती, हे पूर्ण समजून एखाद्या वारसाने खुशीने तो दुसऱ्याला दिला किंवा ठरावीक रकमेच्या बदल्यात वाटणीतून बाहेर पडला, तर शरियतला ते मान्य आहे. वडील हयात असताना तुमच्याकडून कोणी “मला काही नको” असे लिहून घेतले असेल तर शरियतमध्ये त्याला अर्थ नाही, कारण तेव्हा हक्कच जन्मला नव्हता. मात्र त्या लिखाणाच्या बदल्यात पैसे घेतले असतील तर कोर्टात ते अडचणीचे ठरू शकते, म्हणून तो कागद वकिलाला जरूर दाखवा. खुशी म्हणजे काय यावर शाफई फकीहांनी फार नेमके सांगितले आहे. चारचौघांत लाज वाटून दिलेली वस्तू ही लाजेच्या तलवारीने काढून घेतलेली आहे आणि घेणाऱ्याला ती बळकावलेल्या मालासारखीच आहे. सही केली नाही तर माहेर तुटेल, ईदला कोणी न्यायला येणार नाही, आंब्याची पेटी येणार नाही, या भीतीने केलेली सही या व्याख्येत बसते की नाही, हे तुमच्याइतके दुसरे कोणी सांगू शकणार नाही.

या कामात नवा असताना मी अशाच एका कागदावर साक्षीदार म्हणून सही केली होती. बहीण पडद्याआड बसली होती, भावाने “ती राजी आहे” म्हटले आणि मी मानले. अनेक वर्षांनी तोच भाऊ हजला निघण्यापूर्वी माझ्याकडे आला. बहिणीच्या हिश्शाची आजची किंमत काढून द्या, असे म्हणाला. आम्ही दोघे तिच्या घरी गेलो. तिने पैसे घेतले आणि माझ्याकडे बघून विचारले, “त्या दिवशी तुम्ही मला का नाही विचारले?” माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून हक्कसोडीच्या कागदावर सही करण्याआधी मी त्या स्त्रीशी, घरातले कोणी जवळ नसताना, बोलतो.

सरकारी बाजू थोडक्यात सांगतो, कारण तिच्यासाठी वकील आहेत. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवले की ते मागे घेणे फार अवघड होते, तेव्हा “आता सही कर, पैशाचे नंतर बघू” हे मान्य करू नका. तलाठ्याकडे वारस नोंदीच्या अर्जात सगळ्या वारसांची नावे आहेत का ते पाहा. नाव गाळले असेल तर फेरफाराच्या नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत घ्या. १९३७ च्या शरियत कायद्याच्या कलम २ मधून शेतजमिनीचे प्रश्न वगळलेले आहेत, एवढ्या एका ओळीवर बोट ठेवून बागेत बहिणींना हक्क नाही असे सांगणारे लोक मला भेटले आहेत. कायद्यात त्याचा अर्थ काय, ते वकिलाकडून समजून घ्या. शरियतमध्ये घर, बाग, सोने आणि बँकेतली रक्कम यांत काहीही भेद नाही, आणि जो मनुष्य इतर सर्व बाबतींत शरियत सांगतो त्याने या एका बाबतीत त्या ओळीआड उभे राहू नये.

आईला घेऊन निबंधकाच्या कार्यालयात जाण्याची घाई भाऊ करत आहेत, त्याविषयीही लिहितो. विधवेची इद्दत, म्हणजे पतीच्या मृत्यूनंतर घरी थांबण्याचा काळ, चार महिने दहा दिवसांची आहे आणि तुमच्या आईची अजून पुरी झालेली नाही. गरजेसाठी तिला दिवसा बाहेर जाता येते, रात्र मात्र घरी काढायची असते, म्हणून जाणे अगदीच मना आहे असे मी म्हणणार नाही. पण महिनाभर थांबल्याने ज्याचे काहीच बिघडत नाही अशा कामाला गरज म्हणता येत नाही.

बाग तोडून तुकडे करा, असेही माझे म्हणणे नाही. सगळी कलमे सारखी धरत नाहीत, पाण्याची विहीर एकाच कोपऱ्यात असते, आणि बाहेर राहणाऱ्या बहिणीला सात भागांचा तुकडा देऊन कोणाचेच भले होत नाही. दोन तटस्थ बागायतदारांकडून मूल्यांकन करून घ्या. भाऊ तुमचा आणि धाकट्या बहिणीचा हिस्सा त्या किमतीला विकत घेऊ शकतात, हप्त्यांनीही घेऊ शकतात. किंवा नावे सगळ्यांची ठेवून दर हंगामाचे निव्वळ उत्पन्न त्या प्रमाणात वाटता येईल. आईच्या राहण्याची सोय मात्र कागदात स्पष्ट लिहा. तिचे सहा भाग तिच्याच नावावर राहू द्या, ते मुलांनी “सांभाळण्यासाठी” घेऊ नयेत. धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे आहे, तेव्हा तिच्यावर दबाव तुमच्यापेक्षा जास्त असणार. तुम्ही सही केलीत तर ती नाही म्हणू शकणार नाही, हेही ध्यानात घ्या.

भावांना फोनवर काही बोलू नका. एक चिठ्ठी लिहा की बावांची कर्जे, आईचा मेहेर, घराच्या बांधकामाचे पैसे आणि या हंगामाच्या आंब्याचा हिशेब कागदावर मांडूया, आईची इद्दत पुरी झाली की जमातीतल्या दोन वडीलधाऱ्यांसमोर बसूया, आणि तोपर्यंत मी कोठेही सही करणार नाही. मेहेरचा आकडा कोणाला आठवत नसेल तर त्यासाठी वाद घालू नका. तुमच्या आई-वडिलांच्या निकाहाच्या सालाचे रजिस्टर गावच्या जमातीच्या दफ्तरात असेल. त्यातल्या नोंदीची नक्कल मागा, ती मागण्याचा आईला पूर्ण अधिकार आहे.